नळयोजना आणावी कशी? (पहिल्या खेपेच्या सरपंचांसाठी)

अभिनंदन. निवडून आलात, गुलाल धुऊन झाला; आता प्रचारात दिलेला शब्द आठवतो का बघा. नाही आठवला तर गल्लीतली कुठलीही बाई आठवण करून देईल. घरोघरी नळ! त्यासाठी सरकार पैसा देतं. तो आणायचा कसा, एवढंच या धड्यात सांगितलं आहे. पाणी आणायचं कसं, हा विषय अभ्यासक्रमाबाहेरचा.

आधी गावातून एक चक्कर मारा आणि टाक्या मोजा. बऱ्याच गावांत एकीपेक्षा जास्त निघतात आणि प्रत्येकीला तिच्या निधीचं नाव असतं. शाळेमागची जलस्वराज्यची, जागतिक बँकेच्या पैशातली. पाराजवळची भारत निर्माणची, म्हणजे 2005 नंतरची. वरच्या आळीतली राष्ट्रीय पेयजलची, 2009 नंतरची. आता तुमची पाळी जलजीवन मिशनची, जिची घोषणा 15 ऑगस्ट 2019 ला लाल किल्ल्यावरून झाली. जुन्या टाक्या कोरड्या का, असं भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना, विचारलंत तर ‘ती योजना बंद झाली’ एवढंच उत्तर मिळेल. निधी बंद झाला की मोटार, हे विचारू नये. त्यांच्याकडे दुसऱ्या गावाचाही चार्ज असतो, त्यांना एसटी गाठायची असते.

मग ग्रामसभेचा ठराव. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. ठरावात खाली एक ओळ असते: योजनेची देखभाल-दुरुस्ती गाव करील आणि त्यासाठी पाणीपट्टी वसूल करील. ही ओळ वाचताना जरा खोकला येऊ द्यावा.

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला हव्यात. नावं मिळतात. सह्याही मिळतात, रजिस्टर घरी पाठवलं की झालं. बैठकीला मात्र त्यांना बोलावण्याचा प्रमाद करू नका. डोक्यावर हंडा घेऊन ज्यांनी तीस वर्षं काढली, त्या पहिलाच प्रश्न ‘विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का’ असा विचारतात आणि सगळा प्रस्ताव खोळंबतो.

लोकवर्गणी गावातल्या कामाच्या खर्चाच्या 10 टक्के, डोंगरी, वनक्षेत्रातल्या किंवा अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांना 5 टक्के. रोख नको असेल तर श्रमदानही चालतं. कागदावर श्रमदान जोरात होतं. काही गावांत हा आकडा ठेकेदारच परस्पर भरतो, असं म्हणतात. आपण ऐकलेलं नाही, असं म्हणायला शिका.

आता उद्भव. विहीर, बोअर, तलाव, जिथून पाणी उचलायचं त्याला सरकारी भाषेत उद्भव म्हणतात. धडा इथेच अवघड होतो. सगळ्यात आधी विहिरीला जागा लागते, एखाददुसरा गुंठा, आणि ती देणारा शेतकरी बक्षीसपत्र करून देतो तेव्हा त्याच्या मनात एक अट असते जी स्टॅम्पपेपरवर नसते: गोठ्याला एक कनेक्शन. ते द्या, नाहीतर पुढची पाच वर्षं पाइपलाइन त्याच्याच बांधावर फुटत राहील. मग भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा दाखला. महाराष्ट्राचा चारपंचमांश भाग काळ्या पाषाणाचा. त्यात पाणी साठतं ते फटींत आणि झिजलेल्या थरात. पावसाळ्यात तुडुंब, आणि होळीला तळ उघडा. म्हणून पाणी किती टिकतं ते एप्रिल-मेमध्ये उपसून बघावं, हे शहाणपण. पण प्रस्तावाची मुदत काही एप्रिलसाठी थांबत नाही. ऑक्टोबरात विहिरीवर मोटार लावून बघा, पाणी हटतच नाही! दाखल्यावर शिक्का बसतो, विहिरीशेजारी फोटो निघतो. तुमच्या विहिरीपासून दोनशे पावलांवर ऊसवाल्याने तीन बोअर मारल्यात, ही गोष्ट फोटोत येत नाही. पावसाचं पाणी मुरवायचे बंधारे, चर, पुनर्भरण यांनाही मिशनमध्ये जागा आहे. पण बंधाऱ्यावर नाव रंगवलं तरी हमरस्त्यावरून दिसत नाही, टाकीवरचं दिसतं.

अंदाजपत्रक जेई साहेब करतात. माणशी रोज 55 लिटर आणि 30 वर्षांनंतरची लोकसंख्या, हा हिशोब. 2,000 वस्ती धरली तर दिवसाला 1,10,000 लिटर. गावातली तरणी पोरं चाकणला आणि भिवंडीला निघून गेली आहेत, हे खरं. कागदावर मात्र गाव वाढतच राहतं आणि टाकीही त्याबरोबर.

तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. या चार शब्दांत दीड वर्ष जातं, वर्णन करण्यासारखं काही नाही.

भूमिपूजनाला मात्र वेळ द्या. खर्च केंद्र आणि राज्याने निम्मा-निम्मा उचलायचा, म्हणून नारळही दोन: एक खासदारांचा, एक आमदारांचा. दोन्ही फ्लेक्सवर ‘यांच्या अथक प्रयत्नांतून’ आणि तुमचा फोटो कोपऱ्यात, पासपोर्ट साइजचा. रुसू नका.

मग जेसीबी येतो आणि गेल्या वर्षीच दुसऱ्या निधीतून झालेला सिमेंट रस्ता मधोमध फोडतो. प्रत्येक दाराशी नळाचा खांब उभा राहतो, कुटुंबप्रमुखाचा आधार क्रमांक घेतात, तोटीसह फोटो काढतात. नळजोडणी झाली. तोटी सोडून दाखवा, असं कुणी म्हणालंच तर टेस्टिंग व्हायचंय म्हणा. ते पुढच्या हप्त्यावर अवलंबून असतं. 2025 मध्ये राज्यातले ठेकेदार थकलेल्या बिलांसाठी आंदोलनाला बसले, त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात मिशनची मुदत 2028 पर्यंत वाढली. मूळ मुदत 2024 ची होती.

शेवटी योजना ग्रामपंचायतीला हस्तांतरित होते. सही करण्यापूर्वी एकदा बेरीज मांडा: मोटारीचं वीजबिल, वॉल सोडणाऱ्याचा पगार, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर. या पावडरीचं पोतं ऑफिसात ठेवू नका. वाफेने लोखंडी कपाट गंजतं आणि जुन्या योजनेच्या फायली आत अडकतात. (काहींना ते सोयीचंही वाटतं.) बांधायला कोटी मिळतात, चालवायला मिळते ती पाणीपट्टी. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) पैशातला 60 टक्के हिस्सा बंधित होता, त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, त्यावर काही महिने ढकलता येत. पुढे वसुली करा. चुलत्याच्या घरापासून सुरुवात केलीत तर भावकी तुटेल, विरोधकाच्या घरापासून केलीत तर सूड म्हणतील, आणि निवडणुकीच्या वर्षी कुणाच्याच घरापासून नाही.

मार्चमध्ये टँकरचा प्रस्ताव तहसीलला द्या. ‘हर घर जल’ म्हणून ग्रामसभेत जाहीर झालेलं गाव टँकर कसा मागतं, असा शेरा येईल. घाबरू नका, ‘उद्भव तात्पुरता कोरडा’ असं लिहा. टँकर विहिरीतच रिकामा करून घ्या. तेच पाणी मोटारीने टाकीत चढवलं की नळाला येतं. वीजबिल तेवढं भरलेलं हवं.