पंचावन्न पैशांचा महोत्सव

पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर अठरा टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ला, घटस्थापनेच्या मुहूर्तावर, पाच टक्के झाला. गणित मांडलं की पुड्याची किंमत निघते चार रुपये पंचेचाळीस पैसे. ग्राहकाचा निव्वळ फायदा पंचावन्न पैसे. आता हे पंचावन्न पैसे त्याच्या हातात ठेवायचे कसे, एवढंच ठरवायचं राहून गेलं. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी सरकारने जून २०११च्या अखेरीस चलनातून काढून घेतली. पन्नास पैशांचं नाणं कायद्याने आजही चालतं, दहा रुपयांपर्यंतचं देणं त्यात फेडता येतं. ते घेणारा माणूस मात्र अजून सापडायचा आहे. उरलेल्या पाच पैशांसाठी वस्तुसंग्रहालयात चौकशी करावी.

करकपात चांगली नाही असं कोण म्हणेल? साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल अठरावरून पाचवर आलं, तूप-लोणी बारावरून पाचवर आलं, वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा तर थेट शून्यावर. ज्या जीएसटी परिषदेने २०२४च्या डिसेंबरात जैसलमेरला बसून, खारे पॉपकॉर्न सुटे असतील तर पाच टक्के, पाकीटबंद असतील तर बारा आणि कॅरॅमलचे असतील तर अठरा, असा खल केला होता, तिनेच नऊ महिन्यांच्या आत बारा आणि अठ्ठावीसचे टप्पे मोडीत काढायचं ठरवलं. माणसं सुधारतात. त्याआधी कोइम्बतूरच्या एका हॉटेलमालकाने अर्थमंत्र्यांसमोर गाऱ्हाणं मांडलं होतं, की बनवर कर नाही, पण त्यात क्रीम भरलं की अठरा टक्के, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणतं दोन्ही वेगवेगळं द्या, मीच लावून खातो. सभागृह हसलं. पुढे माफी मात्र विनोद करणाऱ्यालाच मागावी लागली.

नव्या सुटसुटीत रचनेतही बुद्धीला चालना देणारं काही ना काही शिल्लक ठेवलेलं आहे. उदाहरणार्थ कागद. शाळेच्या वह्या करमुक्त झाल्या, म्हणून वहीसाठी लागणारा कागदही करमुक्त झाला. पण दुसऱ्या कामासाठीचा तसलाच कागद बारावरून अठरा टक्क्यांवर गेला. म्हणजे एकाच गिरणीतून बाहेर पडताना कागदाने स्वतःच ठरवायचं, आपण शाळेत जाणार की कोर्टात. शाळेत जाणारा फुकट, कोर्टात जाणारा अठरा टक्के.

पण खरी मौज घडली ती दुकानात. पंतप्रधानांनी १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून सांगितलं, दिवाळीत जीएसटीची भेट देतो. त्या क्षणापासून देशातल्या तमाम गिऱ्हाइकांनी खरेदीवरचा हात काढून घेतला. टीव्ही बघून जायचे, गाडीत बसून बघायचे, एसीचं झाकण उघडून बघायचे आणि ‘स्वस्त होऊ द्या, मग येतो’ म्हणून निघायचे. त्यात आला पितृपंधरवडा. एरवी पितरांसाठी थांबणारे या वेळी परिषदेसाठीही थांबले. गाड्यांवरचा सेस रद्द झाला, तेव्हा आधी भरलेल्या सेसचं क्रेडिट विक्रेत्यांच्या खात्यात तसंच लटकलं. खात्यावर दिसतं, वापरता येत नाही. पितरांना दाखवलेला नैवेद्य तरी शेवटी कावळा खातो.

आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्या शेठनी तो पंधरवडा स्टिकर चिकटवण्यात घालवला. ९ सप्टेंबरला ग्राहक व्यवहार खात्याचा आदेश आला: जुन्या मालावर सुधारित किंमत स्टिकर लावून किंवा शिक्का मारून दाखवता येईल, पण जुनी छापील किंमत झाकायची नाही. हे वाक्य साबणाच्या वडीवर पाळता येतं. शॅम्पूच्या पुडीवर पाळून दाखवा. बोटाएवढ्या त्या पुडीवर आधीच कंपनीचं नाव, उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक, तक्रारीचा फोन आणि केस उडवणारी एक बाई असते. जुनी किंमत मोकळी ठेवून नवी लावायची तर स्टिकर बाईच्या तोंडावर येतो. शेठचा पुतण्या दोन्ही हातांच्या नखांनी स्टिकर सोडवत होता आणि शेठ चष्मा कपाळावर चढवून एकेक पुडी उजेडात धरून बघत होते, की दोन्ही किमती वाचता येतात ना.

त्याच आदेशात कंपन्यांनी नव्या किमतींची वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी, असंही म्हटलं होतं. आमच्या व्यवसायात या कलमाचं मनापासून स्वागत झालं. जाहिरात विभागातल्या मंडळींच्या चेहऱ्यावर आधीच दिवाळी दिसू लागली. पण बावीस तारखेच्या चार दिवस आधी दुसरा आदेश आला: स्टिकर ऐच्छिक, जाहिरातीची सक्ती नाही, विक्रेत्यांना परिपत्रक पाठवलं तरी पुरे. आमची दिवाळी तिथेच संपली. शेठ पुतण्याला म्हणाले, “थांब रे बाबा, आता ऐच्छिक झालं.” पुतण्या म्हणाला, “काका, शेवटचा खोका उरलाय.” दोघांनी तोही स्वेच्छेने संपवला.

या पुतण्याची वेगळीच अडचण झाली आहे. २१ नोव्हेंबरला एकोणतीस जुने कामगार कायदे जाऊन चार संहिता आल्या, आणि आता प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे. काकाने पुतण्याला पत्र द्यायचं, तर सुरुवात ‘श्री.’ने करायची की ‘चि.’ने, यावर घरात दोन तट पडले आहेत. शिवाय राज्य सरकारने ऑक्टोबरात स्पष्ट केलं, की दारूचा गुत्ता किंवा बार नसेल तर दुकान चोवीस तास उघडं ठेवता येईल. शेठच्या मंडळींनी तो आदेश पूर्ण वाचला आणि शांतपणे विचारलं, “जेवायला घरी येणार ना?”

मूळ मुद्दा पंचावन्न पैशांचा. ते कोणी दिले नाहीत तर तक्रार कुठे करायची? त्यासाठी २०१७ साली खास नफेखोरीविरोधी प्राधिकरण काढलं होतं. ते काम पुढे स्पर्धा आयोगाकडे गेलं, तिथून न्यायाधिकरणाकडे गेलं आणि १ एप्रिल २०२५पासून नव्या तक्रारी घेणंच थांबलं. दर उतरले सप्टेंबरात. पाऊस यायच्या आधी छत्री मोडीत काढण्याची ही शासकीय दूरदृष्टी वाखाणण्याजोगी आहे. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच. पंचावन्न पैशांसाठी फोन करणारा ग्राहक कसा असतो हे मला पाहायचं आहे. आमच्या सोसायटीत दोघे आहेत, पण ते सध्या लिफ्टच्या मेंटेनन्समध्ये गुंतलेत.

सुट्ट्याऐवजी चॉकलेट देण्याची आपली जुनी चलनव्यवस्था होती. पण चॉकलेटवरचाही कर उतरला, त्यामुळे रुपयाचं चॉकलेट आता रुपयाचं राहिलं नाही, आणि सुट्ट्याचे सुट्टे काय द्यायचे हा नवा प्रश्न उभा राहिला. यूपीआयने चार रुपये पंचेचाळीस पैसे अचूक देता येतात, हे खरं. पण जुलै महिन्यात बंगळुरूच्या छोट्या दुकानदारांना त्यांच्या यूपीआयच्या जमेवरून कराच्या नोटिसा गेल्या आणि तिथे ‘फक्त रोख’च्या पाट्या लागल्या, ही बातमी शेठनी कापून गल्ल्यात ठेवली आहे. कंपन्या म्हणतात, किंमत पाचच ठेवू, पुड्यात बिस्किटं वाढवू. नवा माल येईपर्यंत शेठनी स्वतःची सोय केली. उधारीच्या वहीत उलट्या बाजूने एक खातं उघडलं: गिऱ्हाइकांचं दुकानाकडे येणं. आमच्या नावावर अकरा रुपये जमले, म्हणजे दोन पुडे घेऊनही दोन रुपये दहा पैसे बाकी.

महिनाअखेरीला सीए साहेबांनी ती वही पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. “शेठ, ही गिऱ्हाइकाची आगाऊ रक्कम झाली. मालापोटी आगाऊ घेतली असेल तर जीएसटी लागत नाही.”

“मग झालं तर.”

“पण सुट्टे सांभाळून ठेवणं ही सेवा धरली, तर अठरा टक्के.”