लेखिकेचा नवरा

ऑगस्ट संपत आला की पॅरिसची माणसं सुट्टीहून रापून परततात. लेखिकेचा नवरा तेवढा पांढराफटक पडलेला असतो. फ्रान्समध्ये नव्या कादंबऱ्यांचा हंगाम सुरू होतो तो याच दिवसांत. साडेचारशेच्या आसपास कादंबऱ्या लागोपाठ दुकानांत येतात आणि त्यांतल्या एकीत आपण आहोत, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नसते.

वाङ्मयाशी त्याचा संबंध शोधाशोधीपुरता. बायकोचं पुस्तक उघडून तो आधी आपलं घोरणं शोधतो, मग आपली आई, मग घटस्फोट. स्वतःचं आयुष्य कादंबरी म्हणून लिहिण्याला 'ऑटोफिक्शन' हे नाव 1977 मध्ये दिलं सर्ज दुब्रोव्स्कीनं, म्हणजे एका पुरुषानं! "घरभेदी लेकाचा!" असं तो दातओठ खाऊन म्हणतो. खाजगी आयुष्य जपणारं दिवाणी संहितेचं कलम 9 त्याला तोंडपाठ आहे. पण 2003 मध्ये लेखिका कामीय लोरांसचा नवरा तिच्या कादंबरीविरुद्ध कोर्टात गेला आणि हरला, हे आठवलं की वकिलाला लावलेला फोन तो खाली ठेवतो. त्यात कादंबरीला मिळणाऱ्या मानाच्या गोंकूर पुरस्काराची रक्कम अवघी 10 युरो. "एवढ्यात माझी अब्रू?"

ख्रिस्तीन आंगो या लेखिकेनं बापाच्या आणि नेज सिनो या लेखिकेनं सावत्र बापाच्या अत्याचाराबद्दल लिहिलं. ती पुस्तकं वाचून तो मनापासून हळहळतो आणि "आपण नाही बुवा तसले" म्हणत गाढ झोपतो.

त्याची झोप उडवली लेखिका अनी एर्नोनं. तिच्या 1981 सालच्या 'ला फाम जले' ('गोठलेली बाई') या कादंबरीतला नवरा हात उगारत नाही, दारू पिऊन धिंगाणा घालत नाही. स्वातंत्र्य आणि समानता यांवर तर फार सुरेख बोलतो. फक्त त्याचं बोलून होईपर्यंत बायकोचा स्वयंपाक झालेला असतो. त्यातून त्याच पुस्तकात त्या बायकोचा नॉर्मंडीतला, बटाटे सोलणारा बाप आहे आणि दुकान चालवणारी आई. म्हणजे पुरुषाला हे जमतं, याचा पुरावाही बाईंनी जोडलेला! खलनायक असता तर ह्यानं चारचौघांत निषेध केला असता. निघाला आपल्यासारखाच सभ्य माणूस. त्याचा निषेध करायचा कसा?

शेवटी एका रात्री बाह्या सारून तो स्वयंपाकघरात शिरला. बायको लिहीत बसली होती. आतून त्यानं मोठ्या प्रेमानं विचारलं,

"अगं, आपल्याकडे बटाटे कुठे असतात?"

पुढच्या हंगामाच्या कादंबरीचं पहिलं वाक्य तिला आयतं मिळालं.