अजेंडाच नाही म्हणे!

ऐकलंत का? शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांनी आता लाज सगळीच सोडली आहे. परिषद भरवतात आणि अध्यक्षच नेमत नाहीत! दीपप्रज्वलन नाही, शाल नाही, श्रीफळ नाही. ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणून पाऊण तास खाणारे प्रमुख पाहुणेही नाहीत. सकाळी जायचं, भिंतीवरच्या कोऱ्या तक्त्यावर आपल्या विषयाची चिठ्ठी डकवायची, खोली नि वेळ धरायची आणि सुरू! याला म्हणे अनकॉन्फरन्स म्हणतात. आता बोला!

हे खूळ कालपरवाचंही नाही. हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९८३ साली वर्षभर राबून एक परिषद घेतली, तर लोकांना त्यात सगळ्यात काय आवडलं? मधल्या कॉफीच्या सुट्ट्या! दुसऱ्या कुणी अंथरूण धरलं असतं. या पठ्ठ्याने १९८५ साली अख्खी परिषदच सुट्टीसारखी भरवली. नियम काय, तर जिथे आपण काही शिकत नाही आणि कुणाला काही देतही नाही, तिथून सरळ उठून जायचं. वक्त्याच्या नाकासमोरून! त्याला नाव ‘दोन पायांचा कायदा’. या घोळक्यातून त्या घोळक्यात हिंडणारे ते भुंगे, नुसतेच निवांत बसणारे ती फुलपाखरं. आमच्याकडे अशांना वेगळी नावं आहेत. ती छापता येत नाहीत.

पुढे २००५ साली अमेरिकेतल्या पालो आल्टोला ‘बारकॅम्प’ नावाची अशीच मोकळी परिषद निघाली आणि बघता बघता ही साथ पुण्यात! न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकली, तिथे आता भाषण अर्धवट टाकून उठणं शिष्टाचारात बसू लागलं!

ठाणे जिल्ह्यातले मुरबाडकर मात्र यावर हसतील. त्यांच्या तालुक्यातल्या म्हशाला पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते, तिची विषयपत्रिका कुणी कधी पाहिली आहे? बैल येतात, घोंगड्या येतात, अवजारं येतात. एका दावणीला बैलाचे दात पाहून मन भरलं नाही की गिऱ्हाईक पुढच्या दावणीला. ओवेनसाहेबांचा दोन पायांचा कायदा इथे चार पायांवर चालतो.

पण खरी कुजबुज पुढेच आहे. या मोकळ्या परिषदांत दर खेपेला तेच चौघे बोलतात. चर्चेच्या नावाखाली कुणी तरी आपला माल खपवतो. नवखी पोरगी दाराशी उभी राहून तशीच परत जाते. हे सगळ्यांना दिसतं, आणि सगळे बोलतात कुठे? पार्किंगमध्ये! गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव सांगतो, तसला हा कारभार. बैलाच्या सौद्याला तो शोभतो. ‘पुढच्या वेळी काय बदलायचं’ हा सौदा मात्र उघड्यावरच व्हायला हवा.

आणि इथे, नाक मुरडू नका, ग्रामसभेकडून शिकावं लागेल. हो, तीच ती ग्रामसभा, जिला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला जो आकडा कमी असेल तेवढेही जमत नाहीत म्हणून तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही! तरी तिच्यात दोन गोष्टी शहाणपणाच्या आहेत. एक, मागच्या सभेचं इतिवृत्त आधी वाचायचं; म्हणजे गेल्या खेपेला काय कबूल केलं होतं ते चारचौघांत निघतं. दुसरी, ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची; म्हणजे भरल्या मांडवात ज्यांचा आवाज दबतो त्यांचं म्हणणं आधी नोंदलं जातं. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा त्याही पुढे गेलं. तिथे अभ्यासगटात नुसती चर्चा होते आणि निर्णय होतो तो ग्रामसभेत, सर्वांच्या सहमतीने. त्यामुळे बोलणाऱ्याला मतदानात हरण्याची धास्ती नसते.

तेव्हा अध्यक्ष नको तर नको, विषयपत्रिकाही गेली खड्ड्यात. पण शेवटचा तास गोल करून बसा, तोही चहाच्या आधी; चहानंतर फक्त आयोजक उरतात. पहिल्यांदा आलेल्यांनी आधी बोलावं. अर्ध्यातून उठून गेलेल्याला का गेला ते विचारावं, रागावू नये. आयोजकांनी सगळ्यात शेवटी बोलावं आणि ‘हॉल फुकट मिळाला होता हो’ हे पालुपद घरी ठेवून यावं. ठरलं ते लिहावं आणि पुढच्या खेपेला तेच आधी वाचावं.

सगळे माना डोलावतील, टाळ्याही पडतील. मग हळूच विचारा, ‘इतिवृत्त कोण लिहिणार?’ आणि मोजा, खोलीत किती पाय उरतात ते.