कृष्णाकाठचे चरणपूर
ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर सूर्यास्ताच्या फोटोसाठी जी झुंबड उडते, तिची वाईकर आवृत्ती मेणवलीच्या घाटावर पाहायला मिळते. नाना फडणविसांच्या या घाटावर उतरलेला पर्यटक नानांच्या वाड्याआधी ‘स्वदेस’ (२००४) मधले चरणपूर, म्हणजे पडद्यावरचे उत्तर प्रदेशातले खेडे, नेमके कुठे ते विचारतो. १७३९ च्या वसई मोहिमेतून आलेली म्हणून सांगितली जाणारी पोर्तुगीज घंटा सेल्फीत जेमतेम अर्धी मावते. वाईतल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत मत्स्याकृती, म्हणजे पुराचे पाणी दुभंगावे अशी माशासारखी निमुळती, आहे; सुट्टीतला लोंढा दुभंगण्याची सोय मात्र १७६२ मध्ये देऊळ बांधणाऱ्या रास्त्यांना सुचली नसावी, आणि ती भिंत पाहण्यासाठी देवळामागे जाण्याची तसदी तो लोंढाही सहसा घेत नाही.