आले, गेले, पुन्हा आले

हार्ड रॉकवाले निवृत्त होत नाहीत, लांब रजेवर जातात. मुंबईच्या ‘रॉक मशीन’चंच बघा. 1988 मध्ये पहिला अल्बम आणि 1990 मध्ये दुसरा. त्याचं नाव ‘द सेकंड कमिंग’, म्हणजे जायच्या आधीच परत येऊन मोकळे! मग ‘इंडस क्रीड’ असं बारसं झालं. 1995 मध्ये त्याच नावाचा अल्बम काढला आणि पुढे मंडळी पांगली. उदय बेनेगल, महेश तिनईकर वगैरे पुन्हा जमले ते 2010 मध्ये, आणि ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला 2012 मध्ये. दोन अल्बमांच्या मधे 17 वर्षं. पुण्याच्या हिंजवडीशेजारच्या मारुंजीकरांना या आकड्याचं कौतुक सांगू नका. हिंजवडीच्या मेट्रोचं भूमिपूजन 2018 मध्ये झालं, त्यामुळे वाट बघण्याचा रियाज इथे घराघरात आहे.

शिवाय आठ गाण्यांचा अख्खा अल्बम सलग ऐकणारा श्रोता आता इथेच उरलाय. बिचाऱ्याला पर्याय नाही. आयटी पार्कातून मारुंजीकडे वळायच्या कोंडीत शेवटचं गाणं संपतं, गाडी तिथेच. चालक पन्नाशीला टेकलेला प्रोजेक्ट मॅनेजर. केस गेले, काळा टी-शर्ट पोटावर ताणलाय, बंडखोरी गृहकर्जाच्या हप्त्यांत वळती झालीय. स्टिअरिंगवर ड्रम मात्र जोरात. गिटार किंचाळली की अंगावर काटा येतो म्हणे त्याच्या.

गणपतीत स्पीकरचा आवाज कमी ठेवा, असा अर्ज सोसायटीत सगळ्यात आधी त्यानेच दिला होता.