दोषदुरुस्ती अहवाल

आमच्या सोसायटीत कुणाचं झाड आजारी पडलं की घरची माणसं आधी त्याला भरपूर पाणी घालतात आणि मग तळमजल्यावरच्या अण्णांना बोलावतात. हा क्रम उलटा असता तर निम्मी झाडं वाचली असती, असं अण्णा म्हणतात. "आणि उरलेली निम्मी?" मी एकदा विचारलं. "ती आजारीच पडली नसती," म्हणाले.

अण्णा सहकार खात्यातले निवृत्त लेखापरीक्षक. ३२ वर्षं पतसंस्था, दूध संघ आणि विकास सोसायट्यांची दप्तरं उचकण्यात गेली. निवृत्तीनंतर माणसं हास्यक्लबात जातात, अण्णांनी बोन्साय धरलं. पण कुंडी बदलली म्हणून मूळ स्वभाव थोडाच बदलतो? कुणी कौतुकानं 'झाडांचे डॉक्टर' म्हटलं तर त्यांना ते आवडत नाही. "डॉक्टर पेशंटला विचारतो आणि तो सांगेल ते खरं मानतो. मी फक्त विचारतो."

तपासणीला येताना खांद्याला शबनम. तिच्यात एक भिंग, शिककबाबाला लावतात तसली बांबूची काडी (अण्णा शुद्ध शाकाहारी, ती कुठून आणली ते विचारायचं नाही), निवृत्त टूथब्रश, कात्री आणि लाल शाईचं पेन. घरात पाऊल टाकल्याबरोबर आपण चहाचं विचारतो आणि ते हात आडवा करतात. तपासणी पुरी होईपर्यंत संस्थेचा चहा घ्यायचा नाही, हा ३२ वर्षांचा नेम. तपासणी झाली की मात्र दोन कप, आणि खारी असेल तर बरं.

आमच्या घरी ते आले ते वडासाठी. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेलो होतो, तिथून बायकोनं दीड वीत उंचीचा वड आणला. पसरट निळा ट्रे, इवलीशी पारंबी, बुंध्याशी पांढरे गोटे. तो टीव्हीशेजारी विराजमान झाला. जूनपर्यंत बरा होता. मग आतल्या बाजूची पानं पिवळी पडायला लागली, रोज सकाळी टीव्हीपुढे चार-पाच गळलेली सापडायची. आम्ही पाणी वाढवलं. तरी गळतात म्हणून खत घातलं. मग आणखी पाणी.

अण्णांनी झाडाकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी ट्रे उचलून कानाच्या उंचीवर धरला आणि खालून पाहिला. "वरचं राहू द्या. ताळेबंद वरून छानच दिसतो." तळाच्या दोन भोकांपैकी एकात गोटा बसलेला, दुसऱ्यात मातीचा गाळ. खालच्या शोभेच्या बशीत बोटभर पाणी. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाचच रोख शिल्लक आठवायला लागलो.

"पाणी कोण घालतं?"

"मी. सकाळी, एकदाच," बायको म्हणाली.

"तोंडी नको. व्हाउचर बघू." त्यांनी काडी मातीत खुपसली आणि घड्याळ लावून दहा मिनिटं बसले. तेवढ्या वेळात, अधिकारी नुसता गप्प बसला की कर्मचारी जसे आपसूक बोलायला लागतात, तसं आमचं घर बोलायला लागलं. बायको सकाळी घालते ते खरं. पण आई रात्रीच्या तांब्यातलं उरलेलं पाणी पहाटे वडालाच घालते, वाया कशाला घालवायचं म्हणून. कामाच्या मावशींना अकरा वाजता वरची माती सुकी दिसते, त्या पेलाभर घालतात. मुलगा क्लासहून आला की बाटलीतलं उरलंसुरलं तिथंच रिकामं करतो. मी घालत नाही. मी फक्त चहाचा चोथा घालतो.

काडी बाहेर आली ती टोकापर्यंत काळी, ओली. अण्णांनी वास घेतला आणि काडी माझ्या नाकाशी धरली. गटार! "जलोदर," अण्णा म्हणाले. "पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात, कुजतात. कुजली की पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं सुकल्यासारखी दिसतात. तुम्हाला वाटतं तहान लागली. त्यात खत! आजारी संस्थेला नवं कर्ज."

एवढ्यात भिंगातून त्यांना बुंध्यावर काहीतरी दिसलं. "हे काय?"

हे म्हणजे वटपौर्णिमा. आमच्या फाटकाबाहेरचा जुना वड रस्तारुंदीत गेला. फांदी तोडून आणून पूजा करणं पाप, असं यंदा सगळ्या बायकांचं एकमत झालं आणि कुणाला तरी आमच्या टीव्हीशेजारचा वड आठवला. 'ए' विंगच्या चौदा जणी नटूनथटून आल्या. प्रदक्षिणेला जागा नाही म्हणून टीपॉय मधोमध घेऊन त्यावर वड ठेवला. हळदीकुंकू, आंबे, प्रत्येकीचं तांब्याभर पाणी आणि प्रत्येकीच्या सुताचे सात फेरे. दीड विताच्या झाडाला अठ्ठ्याण्णव वेढे. ते ओलं सूत बुंध्यावर आवळून आतल्या आत बुरसत होतं.

अण्णांनी कात्री काढली तशी आई पुढे झाली. "अहो अण्णा, सूत कसं कापता? सात जन्मांचं आहे ते!"

"सात जन्मांचं मागून बघू, आधी हा तर पार पडू दे," अण्णा म्हणाले आणि कात्री चालवली. आईनं देवाकडे बघून हात जोडले. मी नेमका कोणाच्या बाजूनं आहे हे बायको तपासत होती, म्हणून मी बशी धुवायला गेलो.

मग त्यांनी मला नखानं साल खरवडायला लावली. बारीक फांदी खरवडली, आत तपकिरी, कोरडी. "बुडीत." दुसरी खरवडली, तीही बुडीत. मग बुंध्याशी हलकेच नख लावलं, आणि हिरवी रेघ उमटून तिच्यावर पांढऱ्या चिकाचा टपोरा थेंब आला. अण्णांचा चेहरा मी प्रथमच फुललेला पाहिला. "भांडवल शिल्लक आहे!"

पुढचा कार्यक्रम बाल्कनीत, वर्तमानपत्रावर. ट्रेमधून गड्डा काढून अण्णांनी जेवणाच्या जुन्या काट्यानं माती विंचरली. चांगलं मूळ फिकट, टणक. कुजकं काळं, चिमटीत धरलं की वरची साल ओल्या मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो. "मुळं बोलतात, मालक बोलत नाही," असं दर दोन मिनिटांनी पुटपुटत त्यांनी निम्म्याहून जास्त मुळं छाटली, त्या मानानं वरच्या मेलेल्या फांद्याही. ट्रे घासला, भोकं मोकळी करून त्यांवर जाळी ठेवली. नवी माती म्हणाल तर माती जवळजवळ नाहीच. हरभऱ्याच्या डाळीएवढा विटेचा चुरा, धूळ चाळून काढलेला. जाडी वाळू. मूठभर जुनं कंपोस्ट. झाड हलू नये म्हणून तारेनं ट्रेला बांधलं, वरून ड्रायक्लीनरची पारदर्शक पिशवी घातली आणि सावलीत ठेवलं. खत बंद. पाणी फक्त काडी कोरडी निघाली तर. घालायची परवानगी एका माणसाला, आणि तो माणूस घरातला सगळ्यात आळशी असावा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दोषदुरुस्ती अहवालाचा कागद फ्रिजवर लावला गेला. सहकारी संस्थांना असतात तसे अण्णा झाडांनाही अ, ब, क, ड वर्ग देतात. आम्हाला 'ड'.

चहा पिताना अण्णा हिरोशिमाचं झाड सांगतात. प्रत्येक घरी सांगतात. काकू शेजारी असल्या तर तेवढ्यापुरत्या स्वयंपाकघरात जातात. यामाकी नावाच्या कुटुंबाकडे एक पाइनचं बोन्साय होतं, १६२५ पासून सांभाळलेलं. ६ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब पडला तो तिथून साधारण तीन किलोमीटरवर. मध्ये भिंत होती, झाड वाचलं. १९७६ मध्ये त्यांनी ते अमेरिकेलाच भेट दिलं, आणि त्याची ही हकिगत तिथं कळली २००१ मध्ये, यामाकींचे नातू झाड बघायला वॉशिंग्टनला गेले तेव्हा. इथं अण्णा कप खाली ठेवतात. "अणुबॉम्ब झेललं ते झाड. तुमचा चहाचा चोथा नसतं झेललं."

अण्णा चुकत नाहीत असं मात्र नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या चिंचेची पानं मिटली म्हणून रात्री साडेनऊला फोन आला. अण्णांनी टॉर्च मारून पाहिलं आणि पाण्याच्या ताणाचा कडक शेरा लिहिला. सकाळी पानं उघडी. चिंच रात्री पानं मिटते, हे कोकणातल्या माणसाला रात्री साडेनऊला आठवलं नाही. आयुष्यात मागे घेतलेला तो एकमेव आक्षेप, असं काकू सांगतात आणि तोंडाला पदर लावतात.

याच्या उलट बी विंगमधलं जुनिपर. मुलानं लांबून आणलेलं, दोन महिने हिरवंगार. अण्णांनी नुसता हात फिरवला तर पानं कुरकुरीत. जुनिपर मुळाशी मेलं तरी वर आठवडेच्या आठवडे हिरवं राहतं. "पैसे गेल्यावर सुद्धा पतसंस्थेची पाटी उजळ असते," म्हणाले, आणि झाड अवसायनात काढलं.

हे सगळं दुसऱ्यांना सुनावणाऱ्या अण्णांच्या घरी माळ्यावर तीन रिकामे ट्रे आहेत. एकदा शिडी धरायला गेलो तेव्हा दिसले. घासूनपुसून ठेवलेले, प्रत्येकावर चिकटपट्टी, तिच्यावर लाल शाईत 'पिंपळ', 'उंबर', 'पिंपळ', तारीख, आणि एकेका शब्दात कारण. तिन्हींवर एकच शब्द होता. पाणी. मी काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत. पण त्या दिवशी चहा तपासणीशिवाय मिळाला.

पाचव्या आठवड्यात आमच्या वडाच्या बुंध्याला टोकदार लालसर कोंब आला. घरात पेढे यायचे बाकी होते. अण्णा भिंग घेऊन आले, बराच वेळ वाकून बघत राहिले आणि 'ड' खोडून 'क' केला. पिशवी एकदम काढायची नाही, रोज थोडा वेळ उघडायची, आणि मुक्काम टीव्हीशेजारी नाही, बाल्कनीत, उन्हात. "'अ' वर्ग कधी?" आईनं विचारलं. "'अ' मी देत नाही, माई. 'अ' मिळाला की संचालक मंडळ सुटतं."

गणपतीला अण्णा-काकू गुहागरकडे गावी गेले तेव्हा त्यांच्या अकरा ट्रेंची जबाबदारी माझ्याकडे आली. सोबत दोन पानी सूचना आणि अकरा काड्या. एखादा ट्रे अगदीच कोरडा झाला तर तो बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत धरायचा, इथपर्यंत तपशील. मी नऊ दिवस इमानानं नोंदवही लिहिली. दहाव्या दिवशी दुपारी रिक्षा थांबली. अण्णांनी बॅग काकूंच्या हातात दिली, चपला न काढता बाल्कनी गाठली आणि पहिल्यापासून काड्या उपसायला सुरुवात केली. सातव्या ट्रेशी थांबले.

"ही ओली कशी? नोंद तर नाही."

"काल रात्री पाऊस झाला, अण्णा. तिरका आला."

त्यांनी नोंदवहीचं पान उलटलं, सुलटलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"त्याचं व्हाउचर कुठंय?"