प्रभारी वडिलांसाठी नियमावली

कुटुंबातील आई कंपनीच्या कामासाठी आठवडाभर जर्मनीला गेली असता बंगळुरूतील मराठी घराचा कार्यभार वडिलांकडे येतो. हा प्रसंग नैसर्गिक आपत्तीत मोडत नाही, याची प्रथम नोंद घ्यावी. त्यानंतर पुढील कलमांचे पालन करावे.

१. कार्यभार स्वीकारणे : पूर्वी विमानतळ शहरातच होता, २००८ साली तो देवनहळ्ळीला गेला. तेव्हापासून रहदारीच्या धास्तीने विमानाच्या पाच-सहा तास आधी घर सोडावे लागते आणि सूचना द्यायला वेळ पुरत नाही. उरलेल्या सूचना आई फ्रीजवर चिकटवून जाते : 'अक्का गुरुवारी येणार नाहीत. बुधवारी पीटीचा पांढरा शर्ट. पाण्याचा कॅन संपत आलाय. दूध कोमट झाल्यावरच विरजण लावा, उकळत्यात नको.' हा कागद वाचू नये. वाचल्यास 'मला कुणी सांगितलंच नाही' हा बचाव कायमचा हातचा जातो.

२. डबा : दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, तेव्हा याच शहरात एमटीआर उपाहारगृहाने रव्याची इडली करून पाहिली आणि ती सगळीकडे पोचली. टंचाईतून शोध लागतात. मात्र आपला पहिला शोध शाळेच्या डब्यात भरू नये. तिथे साक्षीदार असतात. मुलांना डोसा खायला न्यायचे तर एवढे ध्यानात ठेवावे : गांधी बझारचे विद्यार्थी भवन शुक्रवारी बंद, लालबागजवळचे एमटीआर सोमवारी. उरलेले पाच दिवस आपले.

३. कचरा : ओला हिरव्या डब्यात, डायपरसारखी घाण लाल डब्यात आणि सुका पिशवीत, ही विभागणी कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये ठरवून दिली आहे. हायकोर्टाच्या आदेशावर फ्रँकफुर्टला अपील करू नये. तरीही 'दुधाची रिकामी पिशवी कशात?' असा फोन जातोच. उत्तर : धुऊन, वाळवून सुक्यात. नंदिनीच्या निळ्या पिशव्या रोज नळावर उलट्या का लटकत असतात, हे गूढ इथे उकलते.

४. अक्का : घरकामाच्या अक्का दारातच विचारतील, 'अम्मा यावाग बर्तारे?' इतक्या वर्षांच्या वास्तव्यात वडिलांना 'कन्नड गोत्तिल्ला' (कन्नड येत नाही) एवढेच कन्नड येत असल्याने, आई कधी येणार ते मुलगी सांगेल. पुढील वाटाघाटीही त्या दोघीच करतील. वडिलांनी पाय वर घ्यावेत. फरशी पुसायची असते.

५. दूरध्वनी : जून-जुलैत जर्मनीचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते. इथे साडेसातला शाळेची बस सुटते तेव्हा तिथे पहाटेचे चार. म्हणजे सकाळचा गोंधळ आईला कळण्याचा संभव नाही, असे वडील समजून चालतात. बरोब्बर सात पंचवीसला मोबाइल वाजतो : 'बाटली भरली का?' ही बाई झोपते कधी, याची चौकशी नंतर करावी. आधी बाटली भरावी.

६. पुरावे : फॅमिली ग्रुपवर फोटो टाकताना ओट्याची आवरलेली बाजूच घ्यावी. मागच्या स्टीलच्या डब्यांत सिंकचे प्रतिबिंब दिसत नाही ना, हे तपासावे. आई फोटो मोठा करून बघते.

७. सत्कार : तिसऱ्या दिवसापासून कौतुकाचा ओघ सुरू होतो. साताऱ्याहून आजींचा फोन येतो, 'बाळा, सगळं एकटा करतोस रे?' शेजारच्या आंटी बिसी बेळे भाताचा डबा आणून देतात. कौतुक नम्रपणे हसून स्वीकारावे. दुरुस्ती सुचवू नये. मुलगी मध्येच 'आई तर हे रोजच करते' असे म्हणाली, तर तिला गृहपाठाची आठवण करून द्यावी.

परिशिष्ट : 'वडील परगावी गेले असता' अशी जोडपुस्तिका काढण्याचे ठरले होते. वडील महिन्यातून एकदा हैदराबादला जातातच, त्यामुळे अनुभवाची वानवा नव्हती. आजी तेव्हाही फोन करतात आणि सुनेला विचारतात, 'तिकडे तो नीट जेवतो ना गं?' परंतु बराच खल करूनही पुस्तिकेचा मजकूर एका ओळीपुढे सरकला नाही : सकाळी चहाचे आधण एक कप कमी ठेवावे.